८३ आठवडे जिंकणारं दुकान बंद का पडलं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी डब्ल्यूडब्ल्यूएफचं नाव घेतलं आणि कमेंटमध्ये दोन गट पडले. एक गट म्हणतो, "सर, शाळेचे दिवस आठवले." दुसरा म्हणतो, "सर, आमच्या समोर नवीन दुकान लागलंय, त्याने भाव पाडलाय, आणि तुम्ही कुस्ती काय सांगताय?"

हा लेख दुसऱ्या गटासाठी आहे. कारण समोरासमोरच्या दोन दुकानांची इतकी स्वच्छ केस स्टडी मला बीबीएच्या पुस्तकातही सापडली नव्हती. व्हिडिओत दहा मिनिटांत सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सोबत माझ्या सायखेड्याच्या दुकानाचा हिशेबही देतो. तो व्हिडिओत सांगायला मला थोडी लाज वाटली होती, खरं सांगतो.

आधी धंदा काय होता ते समजून घ्या

माझ्या वयाच्या पोरांना हे सांगायची गरज नाही. नव्वदच्या दशकात गावात केबल आली आणि तिच्याबरोबर अंडरटेकर, हल्क होगन, ब्रेट हार्ट घरात आले. वर्गात मागच्या बाकावर त्यांचे पत्ते खेळले जायचे. कुणाची उंची जास्त, कुणाचं वजन जास्त, यावरून पत्ते जिंकायचे. १९९६ मध्ये 'खिलाडियों का खिलाडी' आला, तेव्हा अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटलं म्हणून आमच्या पिढीची छाती फुगली. पुढे कळलं की त्यात अंडरटेकर म्हणून ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही आपल्या जत्रेतली कुस्ती नाही. जत्रेत पैलवान मातीत उतरतो तेव्हा कोण चितपट होईल हे कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेतल्या त्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. मार लागतो, हाडं मोडतात, मेहनत खरी असते, पण निकाल म्हणजे गोष्टीचा भाग. थोडक्यात, ते कुस्ती विकत नव्हते, ते दर आठवड्याला गोष्टीचा पुढचा भाग विकत होते. प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक. आणि टीव्ही रेटिंग, म्हणजे किती घरांत तो कार्यक्रम चालू होता याचं मोजमाप, हा त्यांचा रोजचा गल्ला.

दोन दुकानं, एकच वार, एकच वेळ

पहिलं दुकान डब्ल्यूडब्ल्यूएफ. मालक व्हिन्स मॅकमहन. त्याने १९८२ मध्ये वडिलांकडून कंपनी विकत घेतली. तोपर्यंत अमेरिकेत कुस्तीचे धंदेवाले आपापल्या भागात धंदा करायचे, दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाहीत. व्हिन्सने ती हद्द मोडली आणि देशभर पसरला. १९८५ मध्ये रेसलमेनिया सुरू केलं. ११ जानेवारी १९९३ पासून दर सोमवारी रात्री त्याचा 'रॉ' हा कार्यक्रम लागायला लागला. (२००२ मध्ये या कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं, पण या लेखात मी जुनंच नाव वापरतो.)

दुसरं दुकान डब्ल्यूसीडब्ल्यू. याचा मालक टेड टर्नर. हाच माणूस ज्याने सीएनएन काढलं. त्याने १९८८ मध्ये एक अडचणीत आलेली कुस्ती कंपनी विकत घेतली. टर्नरकडे पैसा होता आणि स्वतःची टीव्ही चॅनेलं होती. तरी काही वर्षं हे दुकान दुसऱ्या नंबरवरच राहिलं.

मग एरिक बिशॉफ नावाच्या माणसाकडे कारभार आला. ४ सप्टेंबर १९९५ ला त्याने 'नायट्रो' नावाचा कार्यक्रम सुरू केला. वार सोमवार, वेळ रात्रीची. म्हणजे अगदी 'रॉ'च्या समोर. पहिला भाग झाला तो मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिका या मोठ्या मॉलमध्ये. आणि त्या पहिल्याच भागात लेक्स लुगर नावाचा पैलवान चालत आला, जो आदल्या रात्रीपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात खेळत होता!

कल्पना करा. तुमच्या समोर दुकान उघडलं, आणि उद्घाटनाच्या दिवशी तुमचाच काउंटरवरचा पोरगा तिथे माल मोजून देतोय.

डब्ल्यूसीडब्ल्यू जिंकलं कसं?

इथे प्रामाणिकपणे बघायला हवं. पुढे ते बुडाले म्हणून सुरुवातीपासून मूर्ख होते असं नाही. त्यांनी तीन गोष्टी बरोबर केल्या.

एक, ताजा माल. 'रॉ' तेव्हा एका रात्री पुढच्या भागांचं शूटिंग करून ठेवायचं. 'नायट्रो' दर आठवड्याला थेट, लाइव्ह. शिळी भाजी आणि ताजी भाजी शेजारी ठेवली तर गिऱ्हाईक कुठे जाईल ते सांगायला नको.

दोन, वेगळा माल. मेक्सिको आणि जपानमध्ये खेळून आलेले छोट्या चणीचे, चपळ पैलवान त्यांनी आणले. रे मिस्टेरिओ, एडी गरेरो ही त्यातलीच नावं. असं उड्या मारणारं काम अमेरिकन टीव्हीवर लोकांनी फारसं पाहिलेलं नव्हतं.

तीन, चकित करणारी गोष्ट. १९९६ च्या मे-जूनमध्ये स्कॉट हॉल आणि केविन नॅश हे दोघे डब्ल्यूडब्ल्यूएफमधून आले आणि असं दाखवलं गेलं की जणू ते दुसऱ्या कंपनीतर्फे चढाई करायला आलेत. मग ७ जुलै १९९६ ला हल्क होगन, जो वर्षानुवर्षं पोरांचा हिरो होता, तो अचानक खलनायक झाला. 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' नावाची टोळी बनली. लोक वेडे झाले.

१९९६ च्या जूनपासून 'नायट्रो'ने 'रॉ'ला सलग ८३ आठवडे हरवलं. दीड वर्षाहून जास्त काळ. दर सोमवारी.

आता तुम्ही व्हिन्सच्या जागी असता तर काय केलं असतं? भाव पाडला असता? उधारी वाढवली असती?

माझी चूक इथे सांगतो

मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, कारण मी ते केलंय.

आमचं दुकान शेतीच्या हार्डवेअरचं. पाइप, फिटिंग, व्हॉल्व्ह, फवारणी पंपाचे स्पेअर पार्ट. वडिलांनी सुरू केलं, मी बीबीए करून बसलो. निफाड तालुका म्हणजे द्राक्ष आणि कांदा, तेव्हा माल खपायची चिंता नव्हती. मग समोरच तसंच एक दुकान लागलं. मालक माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, धंद्यात मुरलेला.

एक पाइप मला भाड्यासकट ४०८ रुपयांना पडायचा. मी ४५५ ला विकायचो. त्याने ४४० लावला. मी ४३० केला. तो ४२० वर आला. मी ४१५ ला दिला आणि संध्याकाळी घरी छाती पुढे काढून सांगितलं, "आज समोर एक गाडी थांबली नाही."

आता हिशेब बघा. पाइप ४०८ ला पडला, ४१५ ला विकला. हातात राहिले ७ रुपये. पण विकला उधारीवर. शेतकऱ्याचे द्राक्षाचे पैसे येईपर्यंत चार महिने. माझं भांडवल बँकेचं, वर्षाला १२ टक्के व्याजाचं. ४०८ रुपयांवर चार महिन्यांचं व्याज झालं १६ रुपये. म्हणजे प्रत्येक पाइपामागे मी ९ रुपये घरातून घालत होतो. गाळ्याचं भाडं, पोरांचे पगार, लाइट बिल यात धरलेलं नाही. आणि हा फक्त एका मापाच्या पाइपाचा हिशेब. अशा बारा-पंधरा वस्तू होत्या.

गंमत म्हणजे त्या वर्षी माझी विक्री वाढली होती. वही भरलेली, दुकानात गर्दी. मी जिंकत होतो. माझे ते ८३ आठवडे चालू होते. आणि मार्च एंडला होलसेलरचं देणं भागवायला बायकोचं मंगळसूत्र सोडून बाकी सोनं बँकेत ठेवावं लागलं. तिने एक शब्द काढला नाही. तोच जास्त लागला.

पाटीवरची विक्री आणि गल्ल्यातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मी सेमिनारमध्ये शंभर वेळा बोलतो, पण शिकलो ते त्या मार्चमध्ये.

व्हिन्सने काय केलं?

व्हिन्सकडे टर्नरइतका पैसा नव्हता. इतका नव्हता की १९९६ मध्ये त्याने ब्रेट हार्टला २० वर्षांचा करार दिला आणि पुढच्याच वर्षी सांगावं लागलं की हा करार मला झेपत नाही, तू समोरच्याकडे जा. त्यातून ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये मोठं नाट्य झालं. ब्रेटला न सांगता निकाल बदलून त्याचा पट्टा काढून घेतला गेला. त्याच्या स्वतःच्या देशात, कॅनडात. लोक व्हिन्सवर चिडले.

इथे धंदेवाईक डोकं बघा. लोक आपल्यावर चिडलेत हे त्याने लपवलं नाही. तो स्वतःच खलनायक झाला. 'मिस्टर मॅकमहन', उर्मट मालक. आणि त्याच्यासमोर उभा केला स्टीव्ह ऑस्टिन, मालकाचं न ऐकणारा कामगार. आता मला सांगा, जगात असा कोण नोकरदार आहे ज्याला आपल्या साहेबाला एकदा तरी सुनवावंसं वाटत नाही? ही गोष्ट प्रत्येक घरातली होती.

आणि हा ऑस्टिन कुठला? १९९५ पर्यंत तो डब्ल्यूसीडब्ल्यूमध्येच होता. दुखापतीत घरी असताना त्यांनी त्याला काढून टाकलं. मिक फोली? आधी डब्ल्यूसीडब्ल्यू. ट्रिपल एच? आधी डब्ल्यूसीडब्ल्यू. आपला अंडरटेकरसुद्धा १९९० मध्ये तिथेच होता, त्यांना त्यात काही दिसलं नाही. रॉक तेवढा व्हिन्सकडेच सुरू झाला, आणि त्याच्यावरही सुरुवातीला प्रेक्षक ओरडायचे. त्याला खलनायक करून बघितलं, तेव्हा तो चालला.

म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यू समोरच्याकडचे तयार झालेले, महाग स्टार आणत होतं. आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ त्यांच्याच अडगळीतली माणसं घेऊन नवे स्टार घडवत होतं. आणलेलं नाव गर्दी खेचतं, पण घडवलेलं नाव तुमचं असतं.

१३ एप्रिल १९९८. 'रॉ'वर ऑस्टिन विरुद्ध खुद्द मॅकमहन अशी लढत लावली. त्या रात्रीचं रेटिंग 'रॉ' ४.६, 'नायट्रो' ४.३. ८३ आठवड्यांची साखळी तुटली.

गिऱ्हाइकाला समोरच्याचा पत्ता देऊ नका

आता या सगळ्या लढाईतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग.

४ जानेवारी १९९९. 'रॉ'चा त्या दिवशीचा भाग आधीच शूट झालेला होता. त्यात मिक फोली चॅम्पियन होणार होता. फोली म्हणजे सुटलेलं पोट, विस्कटलेले केस, पण मार खायला वाघ. 'नायट्रो' लाइव्ह होतं आणि तिथे ही बातमी आधीच पोचली होती. बिशॉफने निवेदक टोनी शियावोनीला सांगितलं, हे फोडून टाक. त्याने लाइव्ह कार्यक्रमात सांगितलं की समोर आज मिक फोली चॅम्पियन होणार आहे, आणि वर टोमणा मारला की यामुळे त्यांची तिकिटं खपतील म्हणे.

विचार असा की शेवट कळल्यावर तिकडे कोण जाईल?

झालं उलटं. सुमारे ६ लाख प्रेक्षकांनी तिथल्या तिथे चॅनेल बदललं असं सांगितलं जातं. फोली जिंकणार? मग बघायलाच पाहिजे! त्या रात्री 'रॉ' ५.७, 'नायट्रो' ५.०. आणि जे 'नायट्रो'वर थांबले त्यांना काय मिळालं? केविन नॅश विरुद्ध होगन अशी मोठी लढत. होगनने नॅशच्या छातीला नुसतं बोट लावलं, नॅश धाडकन आडवा, होगन चॅम्पियन. ठरवून केलेली थट्टा. ज्यांनी तिकीट काढलं होतं त्यांना वाटलं, आपल्यालाच मूर्ख बनवलं.

हे वाचून मी हसलो नाही, कारण मी हेच केलं होतं. एक शेतकरी नोजल घ्यायला आला. मी आपणहून म्हणालो, "समोर घेऊ नका काका, त्याच्याकडे नवीन चायना माल आलाय, दोन दिवस टिकत नाही." काका म्हणाले, "असं का?" आणि नोजल हातातलं ठेवून समोर बघायला गेले. परत आले नाहीत. समोर नवीन माल आलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं.

आपल्या काउंटरवरून समोरच्याचं नाव घेतलं की त्याची फुकट जाहिरात होते. वाईट बोललात तरी होते.

मग बुडालं का?

बरेच लोक म्हणतात व्हिन्सने डब्ल्यूसीडब्ल्यूला मारलं. माझं मत वेगळं आहे. ते आतून पोखरलं गेलं होतं. कारणं तुमच्या-माझ्या दुकानात बसतील अशीच आहेत.

बांधलेला खर्च. मोठ्या नावांना ठरलेला पगार, काम करो वा न करो. होगनच्या करारात तर आपली गोष्ट कशी व्हायची यावर त्याचंच नियंत्रण होतं. विक्री चढती असताना हे दिसत नाही. उतरली की तोच खर्च गळ्याला फास होतो.

नव्यांना जागा नाही. दर्शनी फळीवर तेच तेच जुने चेहरे. खालचे चांगले पैलवान वाट बघून कंटाळले आणि २००० च्या सुरुवातीला एडी गरेरो, ख्रिस बेन्वा यांच्यासारखे चौघे एकदम समोरच्याकडे गेले.

घाईची नक्कल. १९९९ च्या शेवटी त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचा लेखकच, व्हिन्स रूसो, आपल्याकडे आणला. म्हणजे पुन्हा आणलेलं नाव. २००० मध्ये तर डेव्हिड आर्केट या सिनेमातल्या नटाला चॅम्पियन केलं. आपल्याकडे एखाद्या विनोदी नटाला गदा देऊन महाराष्ट्र केसरी म्हणावं तसं. चर्चा झाली, पण गदेची किंमत गेली.

२००० या एका वर्षात डब्ल्यूसीडब्ल्यूचा तोटा ६ कोटी डॉलरच्या आसपास सांगितला जातो.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. गाळा आपला नव्हता. टर्नरची कंपनी १९९६ मध्ये टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली होती, आणि २००१ च्या जानेवारीत ती एओएलबरोबर एक झाली. टर्नरचा शब्द चालेनासा झाला. नव्या साहेबांनी मार्च २००१ मध्ये सांगितलं, आमच्या चॅनेलवर कुस्ती नको. चॅनेल गेलं म्हणजे रस्त्यावरचं दुकानच गेलं. माल होता, नाव होतं, पण ठेवणार कुठे?

त्याच महिन्यात व्हिन्स मॅकमहनने डब्ल्यूसीडब्ल्यूचं नाव आणि जुन्या कार्यक्रमांच्या टेपा काही दशलक्ष डॉलरमध्ये विकत घेतल्या. एका वर्षाच्या तोट्यापेक्षाही कितीतरी कमी पैशात. २६ मार्च २००१ ला फ्लोरिडात शेवटचा 'नायट्रो' झाला. शेवटची लढत स्टिंग विरुद्ध रिक फ्लेअर. हीच जोडी पहिल्या भागातही खेळली होती.

समोरचा गेला, मग सगळं गिऱ्हाईक आपलं?

आता या लेखातला मुख्य मुद्दा. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असतं, "समोरचं बंद पडलं की सुटलो."

व्हिन्सच्या समोरचं बंद पडलं. मग काय झालं? 'नायट्रो' बघणारे सगळे 'रॉ'कडे आले? नाही. त्यातले बरेच लोक कुस्ती बघायचीच बंद झाले. १९९८-९९ मध्ये दोन्ही कार्यक्रम मिळून सोमवारी जेवढी माणसं टीव्हीसमोर बसायची, तेवढी एकट्या 'रॉ'ला पुढे कधी मिळाली नाहीत. 'रॉ'चं रेटिंगसुद्धा त्यानंतर उतरतच गेलं. आज समोर काय चाललंय, हे बघायला रिमोट हातात घेण्यातच अर्धी मजा होती.

हे मला समजलं ते पुराच्या वर्षी. ऑगस्ट २०१९. गोदावरीला पूर आला की सायखेडा-चांदोरीचं काय होतं हे नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. पाणी बाजारपेठेकडे चढायला लागलं. मी आणि वडील खालचा माल वर चढवत होतो, जागा पुरत नव्हती. समोरचा मालक रस्त्यातून पाणी तुडवत आला आणि म्हणाला, "बघत काय बसलास? माझी माडी अर्धी रिकामी आहे, पेट्या आण." त्याच्या दोन पोरांनी माझे पंप उचलले. ज्या माणसाला बुडवायला मी घरचं सोनं बँकेत ठेवलं, त्याच्या माडीवर माझा माल सुखरूप राहिला.

पाणी ओसरल्यावर दोन्ही दुकानं काही दिवस बंद होती. तेव्हा एक गोष्ट दिसली. आमची नेहमीची गिऱ्हाइकं थांबली नाहीत. कुणी पिंपळगावला गेलं, कुणी निफाडला, कुणी थेट नाशिकला. आणि काही जण नंतरही तिकडेच जात राहिले. म्हणजे माझी खरी लढाई समोरच्याशी नव्हती. सायखेड्याचं गिऱ्हाईक सायखेड्यात थांबतं की नाही, ही होती. दोन दुकानं समोरासमोर असली की शेतकऱ्याला भरोसा असतो, एकाकडे नाही तर दुसऱ्याकडे मिळेल, फेरी वाया जाणार नाही. बाजार दोन दुकानांनी बनतो.

एकच पाटी दोघांनी लावली तर?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. राज्यात कुस्ती संघटनेत दोन गट पडले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख जिंकला, आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे. दोन्ही पैलवान तगडे, दोघांचा घाम खरा. पण चहाच्या टपरीवर लोक काय विचारत होते? "खरा कोणता?"

नायट्रो आणि रॉ भांडत होते, पण वेगवेगळा माल देत होते, म्हणून बघणाऱ्याची चंगळ झाली. एकच पाटी दोघांनी लावली की गिऱ्हाईक गोंधळतं आणि पाटीचा मान कमी होतो. मी आणि समोरचा तरी काय करत होतो? तोच पाइप, तीच कंपनी, तेच माप. मग गिऱ्हाइकाने निवडायचं कशावर? भावावरच ना! भाव पाडायची वेळ येते ती बहुतेक वेळा आपल्याकडे सांगायला दुसरं काही नसतं म्हणून.

पुरानंतर मी पाइपात भाव पाडणं बंद केलं. फवारणी पंपाची दुरुस्ती सुरू केली, सकाळी दिला तर संध्याकाळी परत. द्राक्षाच्या सीझनमध्ये सकाळी सहाला शटर वर. कारण फवारणी पहाटे असते, पंप तेव्हाच बिघडतो, आणि तेव्हा माणूस दोन रुपये कमी-जास्त बघत नाही. दुरुस्तीसाठी बाहेरून महागडा मेकॅनिक आणला नाही. दुकानात झाडू मारणारा पोरगा हुशार होता, त्याला शिकवलं. आज लोक माझ्या नावापेक्षा त्याचं नाव जास्त घेतात. पाइप मोठ्या प्रमाणात हवे असतील तर मी आता स्वतः समोर पाठवतो. तो पंप माझ्याकडे पाठवतो. सोनं सोडवायला मला दोन वर्षं लागली, पण सुटलं.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. मोबाइलमध्ये नको, वहीत.

१. तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू. प्रत्येकीचा खरेदी भाव, गाडीभाडं, उधारीचं व्याज धरून एका नगामागे खरोखर किती रुपये उरतात?

२. तुमच्या दुकानात अशी कोणती एक गोष्ट आहे जी समोर मिळत नाही? उत्तर 'भाव' असेल तर पुन्हा विचार करा.

३. तुमच्याकडे काम करणाऱ्यांपैकी असा कोण आहे ज्याला तुम्ही अजून संधी दिलेली नाही? ऑस्टिनला घरी पाठवणारे तुम्हीच तर नाही?

४. तुमचा गाळा, तुमचं भांडवल, तुमचं ऑनलाइन पेज, यातलं दुसऱ्याच्या हातात काय आहे? उद्या त्याने 'नको' म्हटलं तर तुम्ही कुठे उभे राहाल?

आणि एक काम फुकटचं आहे. उद्या सकाळी शटर उघडताना समोरच्याला रामराम करा. नाही आवडला तरी करा. पाणी कधी चढेल सांगता येत नाही.

उत्तरं कमेंटमध्ये लिहा, नाव नाही टाकलं तरी चालेल. पहिल्या प्रश्नाचा हिशेब कसा मांडायचा यावर पुढचा व्हिडिओ करतोय. भेटूया.